पाणी उपसून उभा केलेला देश

वेरूळच्या सोळाव्या लेण्यात उभं राहिलं की मनाला पुन्हा पुन्हा बजावावं लागतं: इथे कुणी काहीही बांधलेलं नाही. पाया भरला नाही, दगडावर दगड चढवला नाही, चुना मळला नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, पाथरवट डोंगराच्या माथ्यावरून छिन्नी मारत खाली उतरत गेले. शिखर आधी सुटलं, मग मंडप, मग हत्ती, आणि सर्वांत शेवटी आज आपण ज्यावर उभे राहतो ते अंगण. दीड-दोन लाख टन काळा दगड काढला गेला असावा, असा अंदाज आहे. जे काढायचं नव्हतं तेवढं राहिलं आणि तेच कैलास झालं. घडवणं म्हणजे भर घालणं, हा आपला रोजचा हिशेब इथे उलटा होतो.

युरोपच्या वायव्य कोपऱ्यात एक अख्खा देश याच उलट्या हिशेबाने घडला आहे. तिथे दगड मुळी नव्हताच. तिथल्या लोकांनी पाणी काढलं. दलदली सुकवल्या, तळी उपसली, समुद्राच्या एका भागाला बांध घालून त्याच्या तळावर गावं वसवली. हे लोक म्हणजे डच आणि त्यांचा देश नेदरलँड्स. शिक्षण आणि नोकरीसाठी अ‍ॅमस्टरडॅम, आइंडहोव्हन, द हेग इथे गेलेली मराठी घरं आता पुष्कळ आहेत. जाणाऱ्याला व्हिसा, घरभाडं आणि थंडी यांची माहिती कुणीही देतं. पण आपण ज्या जमिनीवर पाय ठेवणार ती झाली कशी आणि तिने तिथली माणसं कशी घडवली, हे कळलं तर त्या देशाकडे पाहण्याची नजरच बदलते. म्हणून दगडाच्या या गावातून त्या पाण्याच्या देशाची ही ओळख.

केवढा, आणि किती खाली

आपण सवयीने ‘हॉलंड’ म्हणतो, पण त्या नावाचे दोनच प्रांत आहेत, उत्तर आणि दक्षिण हॉलंड. देशात एकूण प्रांत बारा. क्षेत्रफळ सुमारे साडेएक्केचाळीस हजार चौरस किलोमीटर, त्यातही बराच भाग पाणी. म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या साधारण चौपट, मराठवाड्याच्या दोन-तृतीयांशाएवढा. लोकसंख्या १ कोटी ८० लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत आख्ख्या मराठवाड्याची होती जवळपास तेवढीच.

या देशाचा सुमारे २६ टक्के भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. रॉटरडॅमजवळच्या एका पोल्डरमधली, म्हणजे बांध घालून कोरड्या केलेल्या जमिनीतली, सर्वांत खोल जागा तर जवळपास पावणेसात मीटर खाली. आणि युरोपातल्या नेदरलँड्सचं सर्वांत उंच ठिकाण कोणतं, तर बेल्जियम आणि जर्मनीच्या सीमेला टेकलेली फाल्सरबर्ग ही ३२२ मीटरची टेकडी. छत्रपती संभाजीनगर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर वसलेलं आहे. डच माणूस आपल्या देशातल्या सर्वोच्च जागी जाऊन उभा राहिला, तरी तो क्रांती चौकातून जाणाऱ्या माणसापेक्षा दोनशे मीटर खालीच असतो.

खडकीच्या मुलखात आलेला डच

डच माणूस आपल्या या मुलखाला अगदीच परका नाही. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि दीड दशकाच्या आत तिचा एक व्यापारी दख्खनच्या या पठारावर येऊन पोहोचला. त्याचं नाव पीटर व्हान डेन ब्रूके. १६१७ मध्ये सुरतेच्या दक्षिणेला किनाऱ्यावर कंपनीची दोन जहाजं फुटली. वाचलेल्या माणसांना घेऊन व्हान डेन ब्रूके खुष्कीच्या वाटेने दख्खन ओलांडत पूर्व किनाऱ्यावरच्या मछलीपट्टणकडे निघाला. त्या प्रवासात त्याची भेट झाली मलिक अंबरशी.

वेरूळहून घाट चढून खुलताबादला गेलं की मलिक अंबरची कबर लागते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेला हा माणूस. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे १६२४च्या भातवडीच्या लढाईत याच मलिक अंबरच्या बाजूने लढले. व्हान डेन ब्रूकेने आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन लिहून ठेवलं: उंच, धिप्पाड, जुन्या रोमन माणसासारखा करारी चेहरा, आणि राज्यात कडक शिस्त. मलिक अंबरला प्रत्यक्ष पाहून एका युरोपियन माणसाने लिहिलेल्या मोजक्या नोंदींपैकी ही एक. आणखी नवलाची गोष्ट अशी की, ही भेट घेणाऱ्या व्यापाऱ्याचा चेहराही आपल्याला पाहता येतो. १६३३च्या सुमारास फ्रान्स हाल्स या थोर डच चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये ते आहे: विस्कटलेले केस, हसरा रापलेला चेहरा, अंगावर कंपनीने बक्षीस दिलेली सोन्याची साखळी.

त्या भेटीच्या वेळी दोन दूरच्या भूमींवर काय चाललं होतं पाहा. १६१७च्याच सुमारास मलिक अंबर खडकीला पाणी आणत होता. उत्तरेकडच्या डोंगरांतलं भूगर्भातलं पाणी, जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात पोहोचवणारी ‘नहर-ए-अंबरी’ ही त्याची योजना. आणि व्हान डेन ब्रूकेच्या मायदेशी, पाचच वर्षांपूर्वी, १६१२ मध्ये, बेमस्टर नावाचं अख्खं तळं पवनचक्क्यांनी उपसून कोरडं केलं गेलं होतं. एका मुलखाची सारी बुद्धी पाणी आणण्यात गुंतली होती, दुसऱ्याची ते घालवण्यात.

पुढे १६३७च्या सुमारास डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. कंपनीच्या नोकरांना सगळं लिहून ठेवायची सवय होती. द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीची दप्तरं सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीच्या फडताळांवर मांडलेली आहेत आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांची वाट पुसावीच लागते. अ‍ॅमस्टरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्या संग्रहातला एक चित्रसंच आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. १६८०च्या दशकात भारतात तयार झालेल्या त्या संचात मोगल आणि दख्खनी दरबारांतल्या राजेसरदारांबरोबर शिवाजी महाराजांचंही चित्र आहे. महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच काढलेलं ते चित्र पाहायला मराठी माणूस अ‍ॅमस्टरडॅमला गेला तर त्याने जरूर विचारपूस करावी.

या कंपनीची दुसरी बाजूही नवागताला ठाऊक असायला हवी. जायफळाच्या मक्तेदारीसाठी १६२१ मध्ये बांदा बेटांवरची बहुतेक सारी मूळ वस्ती तिने मारली, गुलाम केली किंवा परागंदा केली. माणसांचा व्यापार डच जहाजांनी दोनशेहून अधिक वर्षं केला. १ जुलै २०२३ रोजी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी त्या गुलामगिरीबद्दल जाहीर माफी मागितली. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्याकाठची देखणी घरं पाहताना हा पैसा कुठून आला, हा प्रश्न आज तिथली शाळकरी मुलंही विचारतात.

जमीन खाली गेली कशी

समुद्राखालची जमीन म्हटलं की वाटतं, निसर्गानेच ती खोल दिली असेल. खरी हकीकत याहून विलक्षण आहे. ती जमीन माणसांनी स्वतःच खाली नेली.

हजारेक वर्षांपूर्वी देशाचा पश्चिम भाग म्हणजे पीटची अफाट दलदल होती. मेलेल्या वनस्पतींचा, पाण्याने फुगलेला, काही मीटर जाड थर. तेव्हा ती समुद्रसपाटीहून थोडी वरच होती. शेतकऱ्यांनी समांतर चर खणले, पाणी उताराने नदीला गेलं, शेतं पिकू लागली. पण ओला स्पंज वाळताना आकसतो तशी ती जमीन बसू लागली. शिवाय पीटला हवा लागली की तो कुजतो आणि त्यातला कार्बन वायुरूपाने उडून जातो. जमीन बसली म्हणून चर आणखी खोल करायचे, चर खोल झाले म्हणून जमीन आणखी बसायची. काही शतकांत शेतं नदीच्या पातळीखाली गेली, पाणी उताराने बाहेर जाईना आणि भोवती बांध घालावे लागले. त्यातच पीट वाळवून सरपण म्हणून जाळायची चाल होती. खणलेल्या खड्ड्यांची तळी झाली आणि वादळवाऱ्यात त्यांच्या लाटा काठ कातरत राहिल्या.

पंधराव्या शतकात त्यांनी या कामाला वारा जुंपला. पवनचक्कीची पाती फिरली की तिच्याखालचं चाक पाणी उचलून वरच्या कालव्यात टाकी. एक चक्की जेमतेम दीडेक मीटर पाणी चढवू शके. तळं खोल असेल तर चक्क्या एकीपुढे एक पायरीने उभ्या करायच्या. पहिलीने उचललेलं पाणी दुसरीने आणखी वर न्यायचं, दुसरीचं तिसरीने. आपल्याकडच्या पाणचक्कीत वाहतं पाणी जातं फिरवतं. तिथे वाऱ्याने फिरणारं चाक पाण्यालाच हलवत होतं.

बेमस्टरचं काम असंच झालं. तळ्याभोवती आधी गोल बांध, बांधाबाहेर गोल कालवा, आणि बांधावर चाळीसहून अधिक पवनचक्क्या. यान लेघवाटर या सुताराच्या पोराने त्यांची उभारणी सांभाळली. १६१० मध्ये काम तडीला जाण्याच्या बेतात असताना वादळाने समुद्रबांध फोडला आणि तळं पुन्हा भरलं. बांध आणखी उंच केला गेला, चक्क्या पुन्हा फिरू लागल्या आणि १६१२ मध्ये सात हजारांहून अधिक हेक्टरांची सपाट, काळी जमीन वर आली. आजही तिथे गायी चरतात, रस्ते पट्टीने आखल्यासारखे काटकोनात जातात. वेरूळला १९८३ मध्ये मिळालेला जागतिक वारशाचा मान बेमस्टरला १९९९ मध्ये मिळाला. एकीकडे दगड काढून झालेलं मंदिर आणि दुसरीकडे पाणी काढून झालेलं शेत, दोन्ही एकाच यादीत.

बांधाने वेढलेली आणि आतल्या पाण्याची पातळी माणूस ठरवतो अशी जमीन म्हणजे पोल्डर. एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिनं आली तसे पोल्डर मोठे झाले. अ‍ॅमस्टरडॅमजवळचं हार्लेमरमेर हे तळं इतकं विस्तीर्ण होतं की, १५७३ मध्ये त्यात स्पॅनिश आणि डच बंडखोर आरमारांची लढाई झाली होती. १८४९ ते १८५२ या तीन वर्षांत तीन वाफेच्या उपसा केंद्रांनी ते कोरडं केलं. त्याच तळ्याच्या तळावर आज स्खिपहोल विमानतळ आहे. मुंबईहून निघालेलं विमान तिथे उतरतं तेव्हा त्याची चाकं समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली टेकतात. जिथे एके काळी लढाऊ जहाजं फिरली तिथे आपण बॅगांची वाट पाहत उभे असतो.

सर्वांत मोठी झेप विसाव्या शतकातली. देशाच्या पोटात घुसलेला झाउडरझे नावाचा उथळ समुद्र वारंवार पूर आणी. कोर्नेलिस लेली या अभियंत्याने तो बंद करण्याची योजना आखली होती. १९१६च्या पुरानंतर लोकांची मनं वळली, १९१८ मध्ये कायदा झाला आणि २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटर लांबीच्या आफ्स्लाउटडाइक या बांधाची शेवटची फट बुजली. खारा समुद्र हळूहळू गोड्या पाण्याचं सरोवर झाला. त्यातले भाग एकेक करून उपसले गेले आणि १९८६ मध्ये फ्लेव्होलँड हा बारावा प्रांत जाहीर झाला. त्याच्या राजधानीचं नाव लेलीस्टाट. याच भागात स्खोकलँड नावाचं जुनं बेट आहे. लाटांनी खचत चालल्यामुळे १८५९ मध्ये ते रिकामं करावं लागलं होतं. आता ते बेट चहूबाजूंनी शेतांनी वेढलेलं आहे. समुद्र निघून गेला आणि बेट जागच्या जागी टेकडी झालं.

दगडाविना

वेरूळच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थरावर थर रचलेला बसाल्ट आहे. तिथे अ‍ॅमस्टरडॅमच्या खाली आहे मऊ पीट आणि चिखल. टणक वाळूचा थर लागायला दहा-बारा मीटर खोल जावं लागतं. म्हणून जुनं शहर लाकडी खांबांवर उभं आहे. उलटे ठोकलेले ते खांब भूजलात बुडालेले असतात तोवर कुजत नाहीत. शहराच्या मुख्य चौकातला सतराव्या शतकातला राजवाडा १३,६५९ खांबांवर तोललेला आहे, आणि हा आकडा तिथल्या मुलांच्या तोंडी असतो. आपण डोंगराच्या पोटात मंदिर कोरलं. त्यांनी चिखलात जंगल रोवून त्यावर राजवाडा ठेवला.

समुद्रबांधांचा उतार लाटांनी धुपू नये म्हणून दगड हवाच. तो त्यांनी ऱ्हाईन नदीतून, जर्मनीहून आणला. तो दगडही बसाल्टच. षटकोनी खांबांसारखे त्याचे तुकडे एकमेकांना खेटून बांधाच्या अंगावर बसवलेले दिसतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसाला तिथे ओळखीचं काही भेटलंच, तर ते बांधावरच्या या काळ्या दगडात.

पाणी कुंपण मानत नाही

आता या साऱ्याच्या गाभ्याशी येऊ. कैलास एकदा कोरला गेला आणि पूर्ण झाला. राष्ट्रकूट गेले, यादव आले, सुलतान आले, निजाम आले. बाराशे वर्षं तो कुणाच्या मदतीशिवाय उभा आहे. पोल्डर कधीच पूर्ण होत नाही. पाऊस पडत राहतो, जमिनीखालून पाणी झिरपत राहतं. पंप बंद ठेवले तर काही काळात तळी परत येतील. चारशे वर्षांपूर्वी उपसलेलं बेमस्टर आजही उपसलं जात आहे. तो देश रोज नव्याने काढावा लागतो.

आणि हे काम एकट्याचं नव्हे. पाणी शेजाऱ्याचं कुंपण मानत नाही. माझ्या वाट्याचा बांध मी राखला आणि तुम्ही तुमचा राखला नाही, तर बुडतो दोघेही. म्हणून मध्ययुगातच तिथे जलमंडळं निर्माण झाली. त्यांना डच भाषेत वाटरस्खाप म्हणतात. राइनलँडच्या जलमंडळाचा लेखी उल्लेख १२५५ सालचा आहे. तेव्हा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वर माउलींचा जन्म व्हायला वीस वर्षं अवकाश होता. ते जलमंडळ आजही काम करतं आहे. देशात अशी २१ जलमंडळं आहेत. त्यांची निवडणूक वेगळी, कर वेगळा, अधिकारी वेगळे. राजे आले-गेले, स्पेन, फ्रान्स, जर्मनी यांनी देश व्यापला, पण पाण्याची पातळी पाहणारी मंडळी आपल्या जागी राहिली.

जुना बांधकायदा कठोर होता. प्रत्येक शेतकऱ्याकडे बांधाचा ठरावीक लांबीचा तुकडा. तो राखणं झेपेनासं झालं तर त्याने आपलं फावडं बांधात रोवायचं आणि जमीन सोडून चालतं व्हायचं. जो ते फावडं उपटून घेईल, त्याची जमीन आणि त्याच्याच गळ्यात बांधही. हक्क आणि जबाबदारी एकाच फावड्याला बांधलेली.

बांधाच्या भोकात बोट घालून रात्रभर गाव वाचवणाऱ्या डच मुलाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली आहे. ती जगभर गाजली मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५च्या पुस्तकामुळे. डच घरांत ती फारशी कुणाला ठाऊक नव्हती. पर्यटक विचारू लागले म्हणून पुढे त्या मुलाचे पुतळे उभारले गेले. आणि डचांना ती गोष्ट ठाऊक नसणं साहजिकही आहे. एका बोटाने बांध वाचत नाही. तो वाचतो वर्षानुवर्षं भरलेल्या कराने, ठरल्या दिवशी झालेल्या पाहणीने आणि कंटाळा न करता घेतलेल्या बैठकांनी.

आपल्याकडेही याच्याशी नातं सांगणारं काही आहे. गोव्यातल्या खाजन जमिनी, रायगडातलं खारेपाट, हे आपले पोल्डरच. गोव्यात भरतीचं खारं पाणी बांधाने अडवायचं, ओहोटीला ‘मानस’ नावाच्या लाकडी दारातून आतलं पाणी सोडायचं, आणि बांधाची राखण गावकीने मिळून करायची. पेण-अलिबागकडच्या माणसाला डच बांधावर उभं केलं तर त्याला फार समजावून सांगावं लागणार नाही. खांड पडली की सारा गाव धावतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

डच स्वभावाच्या ज्या गोष्टी नवागताला आधी टोचतात, त्यांच्याकडे या बाजूने पाहावं. डच माणूस तोंडावर बोलतो. तुमच्या कामातली चूक साहेब सर्वांसमोर सांगेल आणि तुम्हीही साहेबाची सांगावी अशी त्याची अपेक्षा असते. आपल्याकडे वयाची, नात्याची, पदाची भीड असते; तिथे बांधाला तडा गेलेला दिसूनही भिडेपोटी गप्प बसणं परवडणारं नव्हतं. कुठलाही निर्णय बैठकीवर बैठक घेऊन, सगळ्यांचं ऐकून होतो. १९८२ मध्ये कामगार संघटना आणि मालक यांनी वासेनार इथे वेतन आणि कामाचे तास यांवर तडजोड केली. अशा सहमतीच्या कारभाराला तिथे नावच पडलं ‘पोल्डर मॉडेल’. स्वभावाची सगळी मुळं पाण्यात शोधायला नकोत. व्यापार, धर्म, शहरांचं स्वातंत्र्य यांचाही त्यात वाटा आहे. पण बांध सर्वांना सारखा लागू होता, आणि आठशे वर्षांची ती सवय माणसांच्या बोलण्यावागण्यात उतरल्याशिवाय कशी राहील?

नवागताने रोजच्या व्यवहारातल्याही काही गोष्टी समजून घ्याव्यात. कुणाच्या घरी न सांगता जाऊ नये, दिवस ठरवून जावं. दुपारचं जेवण पाव आणि चीज एवढंच असतं, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये; गरम जेवण संध्याकाळी सहाच्या सुमारास. वाढदिवसाला सगळे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात आणि अभिनंदन ज्याचा वाढदिवस त्याचंच नव्हे, तर त्याच्या आईवडिलांचं, भावंडांचंही करायचं असतं. २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, अख्खा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर येतो. आणि सायकल घ्यावीच. देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, याचं श्रेय सपाट जमिनीला दिलं जातं. पण १९७१ मध्ये तिथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं अपघातात गेली होती आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलन पेटलं, आणि त्यातून सुरक्षित सायकलवाटांचं जाळं उभं राहिलं. ती सपाटी आधीही होतीच. वाटा लोकांनी मागून घेतल्या.

आपल्या दारातले डच

ही ओळख आपल्या गोठ्यापासूनही सुरू करता आली असती. मराठवाड्यातल्या दूध संकलन केंद्रावर ‘एचएफ’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. काळ्यापांढऱ्या रंगाची ही होल्स्टाइन फ्रिजियन गाय उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्सच्या फ्रीसलँड प्रांतातल्या ओल्या कुरणांवर घडलेली जात आहे. मावळातल्या पॉलिहाउसात फुलणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबाला शेतकरी सरळ ‘डच गुलाब’ म्हणतात. वैजापूर आणि लासलगावच्या कांदा उत्पादकाला तर हा देश जागतिक बाजारात समोर भेटतो. फ्लेव्होलँडमध्ये, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जिथे समुद्र होता तिथे, आज कांदा पिकतो, आणि कांद्याच्या निर्यातीत हा चिमुकला देश जगातल्या अग्रगण्य देशांत मोडतो.

पाण्याला जागा

पाण्यावर विजय मिळवल्याची भाषा डच माणूस जपून करतो, कारण त्याला १९५३ आठवतं. ३१ जानेवारीच्या रात्री वायव्येचं वादळ आणि मोठी भरती एकत्र आली, नैर्ऋत्येकडचे बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर डेल्टा योजना आली. समुद्राच्या खाड्यांवर एकामागून एक अडथळे उभे राहिले. १९८६ मध्ये पुऱ्या झालेल्या ओस्टरस्केल्डेच्या अडथळ्याची गोष्ट मुद्दाम सांगावी. आधी ती खाडी कायमची बुजवायचं ठरलं होतं. पण कालवं धरणारे कोळी आणि निसर्गप्रेमी यांनी विरोध केला. मग आराखडाच बदलला. एरवी उघडी राहणारी आणि वादळातच मिटणारी पोलादी दारं बसवली गेली. भरतीओहोटी चालू राहिली, कालवंही जगली.

१९९३ आणि १९९५ मध्ये नद्यांना पूर आले आणि दुसऱ्या वेळी अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवावी लागली. तेव्हा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब पुन्हा एकदा फिरवला. बांध उंच करत राहण्याऐवजी काही ठिकाणी ते मागे हटवले, नदीला पसरायला जागा परत दिली. नायमेखन शहरापाशी वाल नदीसाठी नवं पात्रच खोदलं गेलं. सहाशे वर्षं पाण्याकडून जमीन घेणारा देश आता विचारपूर्वक थोडी जमीन पाण्याला परत देतो आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, पीटची जमीन अजूनही बसते आहे, आणि त्यांची पुढची बैठक याच विषयावर आहे.

दुष्काळाशी झगडणाऱ्या मराठवाड्याला हा देश अगदी उलटा वाटेल. आपल्याकडे पाणी कमी, त्यांच्याकडे जास्त. तरी दोघांपुढचा प्रश्न एकच आहे: जे पाणी कुणा एकाचं नाही, त्याची राखण सगळ्यांनी मिळून कशी करायची? मलिक अंबरची नहर शतकानुशतकं शहराला पाणी पाजत राहिली ती साफसफाई आणि देखभाल होत होती तोवर. जिथे ती सुटली, तिथे नळ गाळाने भरले. नहरही पोल्डरसारखीच रोज राखावी लागते.

या प्रश्नाचं डचांनी काढलेलं उत्तर नवागताच्या हातात फार लवकर येतं. मराठवाड्यातून गेलेल्या अभियंत्याला तिथल्या संसदेसाठी मत देता येत नाही. त्यासाठी डच नागरिक व्हावं लागतं. नगरपालिकेच्या मतदानासाठी सलग पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. जलमंडळाच्या निवडणुकीत मात्र अठरा वर्षांवरचा, कायदेशीर परवाना घेऊन त्या भागात राहणारा कुणीही, कोणत्याही देशाचा असो, मतदान करू शकतो. दर चार वर्षांनी ही निवडणूक होते. मागची २०२३ मध्ये झाली. कर तर तो पहिल्या वर्षापासून भरतोच. तुम्ही कुठून आलात, भाषा किती येते, किती दिवस राहणार, हे नंतर. बांधाच्या आत राहता ना, मग बांधाबद्दल बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे. डच देशाची याहून नेमकी ओळख दुसरी नाही, आणि तिथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते पहिलं मत वाया जाऊ देऊ नये.